कोणाची गो तू?

मालवण तालुक्यात, किनाऱ्याला लागून असलेल्या एका वाडीतला आमचा बचत गट. एरवी आम्ही तुमच्याशी कोकम-आगळ, सुकी मासळी, कर्जाचे हप्ते यांवर बोलतो. आज विषय वेगळा आहे. आदिवासी कोण, ते कोणी ठरवायचं, आणि जो आदिवासी नाही तो तसं सांगतो तेव्हा कोणाचं काय जातं, यावर बोलायचं आहे.

विषय निघाला आमच्या गटातच. एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. ज्यांच्या घरात घडल्या त्या दोघींनी सांगितलं, "बोला, पण नावां नको." म्हणून नावं सांगत नाही.

आमच्यातल्या एकीचं आडनाव ठाकूर. जात निराळी, आदिवासी नव्हे. तिच्या मुलाला डॉक्टर व्हायचं होतं, पण गुण थोडे कमी पडले. एक एजंट घरी आला. म्हणाला, "ठाकूर हे नाव आदिवासींच्या सरकारी यादीत आहे. तुमचं आडनाव तेच. पैसे द्या, पणजोबांचा जुना उतारा मी तयार करतो. मुलाची सीट पक्की."

दुसरी आमची काकी. ती ठाकर समाजाची, सासर-माहेर दोन्ही कुडाळकडचं. तिच्या मुलाच्या मुलीला नर्सिंगला जायचं होतं. जमातीचा दाखला मिळाला, पण वैधता प्रमाणपत्र अडकलं. वैधता म्हणजे तो दाखला खरा असल्याची समितीची मोहर. ती मिळेना, कारण जुना पुरावा पुरेसा नाही आणि मुलीला आपल्या चालीरीती नीट सांगता येईनात.

एकाच पडवीत, एकाच चटईवर या दोघी बसल्या होत्या. एकीला जे नव्हतं ते विकत मिळत होतं. दुसरीला जे होतं ते सिद्ध होत नव्हतं. काकी म्हणाली, "आमची चित्रां सगळ्यांका होयी, आणि आमच्या पोरीक दाखलो मात नाय. ह्यो खयचो न्याय?"

काकी चित्रांचं का बोलली, हे आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. कुडाळजवळचं पिंगुळी गाव. तिथल्या ठाकर लोकांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. सावंतवाडीच्या संस्थानाने या कलेला आश्रय दिला होता. पुढे ती बंद पडायला आली, तेव्हा परशुराम गंगावणे यांनी ती धरून ठेवली, गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या जिल्ह्याची ओळख सांगणाऱ्या चित्रांत ही चित्रं असतात. मात्र २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात अनुसूचित जमातींचे लोक शंभरात एकसुद्धा भरत नाहीत. इतके थोडे लोक, म्हणून त्यांचा आवाजही थोडा.

आता हा घोळ कुठून आला ते समजून घेऊ. आम्हीही एका वकीलताईंना बसवून समजून घेतलं.

महाराष्ट्रातल्या अनुसूचित जमातींच्या यादीत ४४ व्या क्रमांकावर ठाकूर, ठाकर, क ठाकूर, क ठाकर, म ठाकूर, म ठाकर अशी नावं आहेत. पूर्वी ही जमात फक्त अहमदनगर, कुलाबा, नाशिक, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांतल्या ठरावीक तालुक्यांपुरती धरली जात होती. तेव्हा आपला भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता, आणि रत्नागिरी त्यात नव्हता. म्हणजे घाटापलीकडचा ठाकर आदिवासी, आणि पिंगुळीचा ठाकर कागदावर कोणीच नाही. १९७६ साली संसदेने कायदा करून ही तालुक्यांची कुंपणं काढली आणि २७ जुलै १९७७ पासून तो लागू झाला. तेव्हापासून राज्यात कुठेही राहणारा ठाकर यादीत आला.

कुंपण निघालं, आणि दुसरा त्रास सुरू झाला. 'ठाकूर' हे पुष्कळ जातींत आडनाव आहे. आडनाव आणि जमात एकच असल्याचं दाखवून दाखले काढणारे पुढे आले. असंच कोळी आणि महादेव कोळी यांचं झालं. हलबा आणि हलबा कोष्टी यांचं झालं. नावाला नाव जुळतं, म्हणून माणसं जुळवली गेली. हलबा कोष्टींचा वाद सुप्रीम कोर्टात गेला. २८ नोव्हेंबर २००० रोजी कोर्टाने सांगितलं की यादीत जे नाव आहे तेच वाचायचं, त्यात दुसरं नाव मिसळायचा अधिकार कोणा अधिकाऱ्याला किंवा कोर्टालाही नाही. तो खटला डॉक्टरकीच्या एका जागेवरून सुरू झाला होता. निकाल लागेपर्यंत इतकी वर्षं गेली की विद्यार्थी डॉक्टर होऊन बसला होता. कोर्टाने त्याची पदवी काढली नाही, पण यापुढे जमातीचा फायदा घेता येणार नाही असं बजावलं. आम्ही हे वाचलं तेव्हा आमच्या मनात त्या डॉक्टरापेक्षा दुसरंच माणूस आलं. ती जागा ज्या आदिवासी मुलाला मिळाली असती, तो त्या वर्षी कुठे गेला असेल? त्याचं नाव कुठल्याच निकालात नसतं.

हा प्रश्न किती मोठा आहे पाहा. राज्यात अनुसूचित जमातींना नोकरीत ७ टक्के जागा आहेत. विधानसभेच्या २८८ पैकी २५ जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत. ज्यांचे दाखले अवैध ठरले, पण जे नोकरीत आहेत, अशा लोकांसाठी २१ डिसेंबर २०१९ च्या सरकारी निर्णयाने 'अधिसंख्य' म्हणजे जादाची पदं करावी लागली. ती पदं हजारांत होती. त्याआधी ६ जुलै २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की दावा खोटा ठरला तर मिळालेला फायदा परत गेला पाहिजे, मग तुमचा हेतू चांगला होता की वाईट, ते बघायचं नाही.

मोठमोठ्या लोकांवरही असे वाद झाले. छत्तीसगडचे पहिले मुख्यमंत्री अजित जोगी स्वतःला कंवर आदिवासी सांगत. त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला. २०१९ साली तिथल्या समितीने त्यांचा दावा नाकारला, त्यांनी तो निर्णय मानला नाही, आणि २०२० साली ते गेले. इकडे अमरावतीच्या त्या वेळच्या खासदार नवनीत राणा यांचा अनुसूचित जातीचा दाखला मुंबई हायकोर्टाने ८ जून २०२१ रोजी रद्द केला. मग ४ एप्रिल २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने तोच दाखला ग्राह्य धरला. ही दोन उदाहरणं आम्ही मुद्दाम सांगतो. वाद आहे म्हणजे खोटं आहे, असं धरून पाणवठ्यावर कोणाची अब्रू काढू नये. एक कोर्ट एक म्हणतं, वरचं कोर्ट दुसरं म्हणतं. आपण बायांनी घाईने निकाल देऊ नये.

आता तुम्ही म्हणाल, फायद्यासाठी माणूस खोटं बोलतो, त्यात नवल काय? पण जिथे असला दाखला लागत नाही तिथेही लोक हेच करतात. हे ऐकून आम्हालाही नवल वाटलं. वकीलताईंनीच सांगितलं.

कॅनडात 'ग्रे आऊल' नावाचा एक लेखक होऊन गेला. जंगल आणि प्राणी वाचवा म्हणून लिहायचा. डोक्याला पीस, अंगात चामड्याचे कपडे, आणि आपण तिथल्या मूळ रहिवाशांपैकी आहोत असं सांगायचा. १९३८ साली तो वारला, आणि कळलं की तो इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज गावात जन्मलेला आर्चिबाल्ड बेलानी होता. त्याच देशातले कादंबरीकार जोसेफ बॉयडन यांना मूळ रहिवाशांवरच्या पुस्तकांसाठी मोठे मान मिळाले. २०१६ साली मूळ रहिवाशांच्याच टीव्ही वाहिनीने विचारलं, तुमचं मूळ नेमकं कुठलं? नीट उत्तर आलं नाही. बफी सेंट-मेरी या गायिका साठ वर्षं क्री जमातीची लेक म्हणून गायल्या. २०२३ साली पत्रकारांनी त्यांचा जन्माचा कागद काढला, तो अमेरिकेतला, गोऱ्या आईबापांच्या पोटचा. २०२५ साली कॅनडाने त्यांना दिलेला मोठा सन्मान काढून घेतला.

या बाईंच्या गोष्टीवर आमच्यात बरीच चर्चा झाली. कारण एका क्री कुटुंबाने त्यांना मोठेपणी रीतसर आपली लेक मानलं होतं, आणि ते कुटुंब त्यांच्या बाजूने उभं राहिलं. मग त्या खऱ्या की खोट्या? आमची एक वहिनी म्हणाली, "मानलेली लेक असली तर मानलेलीच सांगायची. पोटची म्हणान कित्याक सांगायचा?" आम्हाला वाटतं, सगळ्या वादाचं उत्तर या एका वाक्यात आहे. प्रेमाने जोडलेलं नातं खोटं नसतं. पण ते जन्माचं आहे असं सांगून, जन्माने ज्यांनी सोसलं त्यांच्या वाट्याची जागा घेतली, की ते खोटं होतं.

आपल्याकडे याचं चांगलं उदाहरण आहे. गोदावरी परुळेकर. १९४५ पासून त्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली लोकांत राहिल्या, त्यांच्याबरोबर वेठबिगारीविरुद्ध लढल्या. वारली त्यांना गोदूताई म्हणत. त्या लढ्यावर त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण आपण वारली आहोत असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. परक्या घरची बाई येऊन जीव लावू शकते, लिहू शकते, लढू शकते. त्यासाठी आडनाव बदलावं लागत नाही.

मग माणूस कोणाचा हे ठरवायचं कसं? आपल्या कोकणात त्याची जुनी रीत आहे. वाटेत नवीन पोर दिसली की आजी विचारते, "कोणाची गो तू?" ती नाव सांगत नाही, आडनावही सांगत नाही. ती सांगते, अमक्याची नात, तमक्या घरची, अमकी माझी आत्या. मग आजी म्हणते, "आसां काय! तुझ्या आत्येक मी वळखतंय." ओळख अशी पुरी होते. पोरीने सांगितलं आणि समोरून कोणीतरी "होय, आमची ती" असं म्हटलं. नुसतं स्वतः सांगून भागत नाही. खोटा दाखला काढणाऱ्याकडे कागद असतो, पण कुठल्याच वाडीवरची आजी त्याला ओळखत नसते.

सरकारकडे हाच प्रश्न दोन प्रकारे विचारतात. एक कागद बघून. दुसरा 'आप्तभाव चाचणी' घेऊन, म्हणजे तुमचे देव कोणते, लग्न कसं लागतं, माणूस मेल्यावर काय करता, हे विचारून. खोट्याला पकडायला ही चाचणी बरी वाटते. पण काकीची नात शाळेसाठी शहरात वाढली. तिच्या आजोबांनी वीणा नि हुडूक वाजवून चित्रं दाखवली, तिच्या बापाने रिक्षा चालवली, तिने मोबाईलवर अभ्यास केला. तिला जुनं सगळं कसं सांगता येणार? आणि जो पाठ करून जाईल तो खोटा असूनही घडाघडा बोलेल. २०११ साली सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलं की गाव सोडल्यावर, शिकल्यावर, इतरांत मिसळल्यावर चालीरीती बदलतात, म्हणून तेवढ्यावरून दावा फेटाळू नये. पुढे २४ मार्च २०२३ रोजी ठाकूर जमातीच्याच संघटनेच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की आप्तभाव चाचणी ही शेवटची कसोटी नाही, आणि घटना लागू होण्याआधीच्या कागदांना जास्त वजन आहे.

हे कळलं तेव्हा आम्ही कामाला लागलो. काकीच्या सासऱ्यांची शाळा कुठली होती ते शोधलं. तिथल्या मुख्याध्यापकांना भेटलो. जुनं जनरल रजिस्टर माळ्यावर होतं, अर्धं वाळवीने खाल्लेलं. तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला १९३३ सालची नोंद मिळाली. काकीच्या सासऱ्यांचं नाव, आणि जातीच्या रकान्यात शाईने लिहिलेलं 'ठाकर'. काकीने त्या अक्षरावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

पण त्याच रजिस्टरात खाली सासऱ्यांच्या धाकट्या भावाची नोंद होती. तिथे लिहिलं होतं, 'हिंदू मराठा'. सख्खा भाऊ, एकच घर, मास्तर बदलला आणि जात बदलली. त्या काळी लिहिणाऱ्याने जे समजलं ते लिहिलं. आई-बापाला लिहिता-वाचता येत नव्हतं, ते बघणार कसे?

आता आमच्यापुढे प्रश्न पडला. खालची नोंद दाखवायची की नाही? आमच्यातल्या दोघी-तिघी म्हणाल्या, कशाला दाखवता, वरची बास आहे. काकी म्हणाली, "लपवूक आपण काय चोर? दोनय देवया. खरा काय ता आमी सांगतलव." आम्ही दोन्ही उतारे दिले. जोडीला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र दिलं, आणि नात्यातल्या एकाला आधी मिळालेली वैधता जोडली. सुनावणी व्हायची आहे. निकाल काय लागेल ते आज आम्ही सांगू शकत नाही.

आणि ती पहिली मैत्रीण? रजिस्टर शोधायला आमच्याबरोबर तीही आली होती. परत येताना एसटीत ती गप्प होती. दुसऱ्या दिवशी गटात येऊन तिने एजंटाची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. म्हणाली, "माझी मती फिरल्ली गो. त्या सीटवर काकीच्या घरचा पोर बसतला, ह्या माझ्या मनातच इला नाय." तिचा मुलगा आता फार्मसीला आहे. डॉक्टर व्हायचं राहिलं, याचं तिला वाईट वाटतं, ते ती लपवत नाही.

मैत्रिणींनो, आता कामाच्या गोष्टी. पेन-वही असेल तर लिहून घ्या.

पहिली. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख बघतात. त्या आधीचा, वडिलांकडच्या नात्यातला कागद असला तर फार उपयोग होतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची गाव नमुना १४ ची नोंद, कोतवाल बुक, जुना सातबारा, फेरफार. गरज पडेल तेव्हा शोधू, असं म्हणू नका. आपल्याकडचा पाऊस आणि वाळवी कोणाची वाट बघत नाहीत. आजच नक्कल काढा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पेटीत ठेवा.

दुसरी. बाईची जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. आदिवासी घरात सून म्हणून गेलो म्हणजे आपण आदिवासी झालो, असं नाही. आणि आदिवासी लेक दुसरीकडे दिली म्हणून तिचं आदिवासीपण जात नाही. मात्र नाव बदलतं, त्यामुळे माहेरच्या नावाचा शाळेचा दाखला आणि लग्नाचं प्रमाणपत्र दोन्ही जपून ठेवा.

तिसरी. आई आदिवासी आणि बाप दुसऱ्या जातीचा असेल, तर मूल बापाचं धरतात. पण आईने ते आपल्या लोकांत वाढवलं आणि त्याने तेच हाल सोसले हे दाखवता आलं, तर ते आईचं धरता येतं. सुप्रीम कोर्टाने २०१२ साली तसं सांगितलं आहे. टाकलेल्या, एकट्या बायांना हे ठाऊक असायला हवं.

चौथी. एजंटाकडून दाखला घेऊ नका. २००१ पासून लागू असलेल्या कायद्याने खोट्या दाखल्याला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी, किंवा दोन हजार ते वीस हजार रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. शिवाय नोकरी, पदवी, निवडून आलेलं पद, सगळं जातं. सरपंचपदासाठी उभं राहणाऱ्या बायांनी हे नीट ऐकावं. नवऱ्याने किंवा पुढाऱ्याने आणून दिलेल्या कागदावर सही तुमची असते, आणि कोर्टात नाव तुमचंच घेतात.

पाचवी. दावा अडकला असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला आणि अनुसूचित जमातीच्या माणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

काकीच्या नातीचं वर्ष वाया गेलं. ती सध्या आजीकडे आहे. संध्याकाळी आजी तिला जुनी चित्रं दाखवते, कुठलं चित्र कुठल्या कथेचं ते सांगते. पोर म्हणाली, "समितीसाठी शिकतंय." काकी म्हणाली, "समितीसाठी नको. कोणी इचारल्यान कोणाची गो तू, तर सांगूक येवक होया, म्हणान शिक."

बरं तर. सुनावणीचा निकाल लागला की इथेच येऊन सांगू. तोवर आपापल्या पेट्या उघडा. नमस्कार.